बोट येईपर्यंतचं ऊन

पाऊस संपला की आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत गच्चीवर गाद्या पडतात. चार महिन्यांचा कुबट वास दोन दिवसांत उडून जातो आणि मग ते ऊन येतं, कोरडं, टोचणारं, पाठीमागून येऊन मानेवर बसणारं. सून म्हणते, "आई, जरा बसा ना एका जागी. काय शोधताय?" मी काहीच शोधत नसते. कपाट उघडते, मिटते. पडदा ओढते, परत सारते. कुणाला तरी काहीतरी तातडीनं सांगायचं राहून गेलंय असं या महिन्यात मला सारखं वाटत राहतं. लोकांना पाऊस अस्वस्थ करतो म्हणतात. मला ऑक्टोबर करतो.

हे ऊन मुळात मुलुंडचं. पन्नासच्या दशकातलं मुलुंड म्हणजे स्टेशनबाहेर थोडी घरं, मग भातखाचरं, मग दगडाच्या खाणी, आणि टेकडीच्या पायथ्याशी एका ट्रस्टचं मनोरुग्णालय. आजूबाजूचे लोक त्याला सरळ वेड्यांचं इस्पितळ म्हणायचे. मी तिथं लायब्ररीत कामाला होते. आम्ही घाटकोपरला राहायचो. ग्रंथपालनाचा कोर्स करून मी घरी बसले होते, तेवढ्यात ही जागा निघाली. वडिलांनी एवढंच विचारलं, "पुस्तकंच सांभाळायची आहेत ना, इंदू? माणसं नाहीत ना?" मी म्हटलं, "पुस्तकंच." तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

लायब्ररी म्हणजे औषधांच्या खोलीला लागून असलेली एक लांबट खोली. दोन कपाटं, एक टेबल, आणि खिडकीतून दिसणारा बायकांच्या वॉर्डचा मळा. मुख्य डॉक्टर होते दिघे. उंच, वाकलेले, चालता चालता बोलणारे. पहिल्याच दिवशी ते दारातच उभे राहून म्हणाले, "पुस्तकं लावणं, कार्डं करणं तुम्हाला येतं, ते करा. पण माझी अडचण वेगळी आहे. कॉलेज सोडून मला बरीच वर्षं झाली. तिकडे सतत काहीतरी नवं निघतंय आणि मी इथं जुन्यावरच भागवतोय. मला वाचायला वेळ मिळत नाही, सिस्टर लोकांना इंग्रजीचा कंटाळा आणि आयांना इंग्रजी येत नाही. रोग्यापाशी मात्र दिवसभर त्याच असतात. काहीतरी करा." आणि उत्तर न ऐकताच ते निघून गेले.

विलायती मासिकं तेव्हा बोटीनं यायची. कित्येक आठवडे समुद्रावर, मग गोदीत, मग टपालात. सुतळीनं बांधलेला गठ्ठा माझ्या टेबलावर पडायचा तेव्हा त्यातल्या ताज्या अंकालासुद्धा जुन्या कागदाचा वास यायचा. मी प्रत्येक लेख वाचून, समजेल तेवढं समजून, त्याचा मराठीत चार ओळींचा सारांश करायचे. अडलं की दिघ्यांना जिन्यात गाठायचे. आणि दर शुक्रवारी दुपारी, रोग्यांची जेवणं उरकल्यावर, सिस्टर आणि आयांना लायब्ररीत बोलावून ते वाचून दाखवायचे.

पहिल्या शुक्रवारी तिघी झोपल्या. एक वयस्क आया उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाय माझे, कागद वाचून कोण शहाणा झालाय काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत माझा चेहरा तापलेलाच होता.

बायकांच्या वॉर्डची सिस्टर होती ब्रिजित. गोराईची, कोळीवाड्याला लागून घर, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर माझ्या कपाटाच्या काचा थरथरायच्या. ती हसली नव्हती. ती दारात थांबून म्हणाली, "इंदू, तू एक दिवस माझ्या वॉर्डात उभी राहा. मग मला सांग काय वाचायचं ते."

मी उभी राहिले. सकाळी गेले ते दिवे लागेपर्यंत. एक बाई जेवायचंच नाही म्हणून दात आवळून बसलेली. तिला भरवताना आयाचं बोट चावलं गेलं. एक जण विजेच्या उपचारानंतर जागी झाली ती स्वतःचं नाव विसरून, आणि आया तिला रागावत होती, कारण असं होऊ शकतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एक नुसती भिंतीला कपाळ लावून उभी. संध्याकाळी ब्रिजित म्हणाली, "आता बोल."

त्यानंतर मी उलट केलं. आधी वॉर्डात जाऊन विचारायचं, या आठवड्यात काय अडलं? मग परत येऊन तेवढंच शोधायचं. न जेवणाऱ्या बाईला कसं भरवावं. उपचारानंतर विसरलेल्या माणसाशी काय बोलावं. मग शुक्रवारी कुणी झोपेना. उलट, "बाई, त्यांनी हे करून बघितलं, पण त्यांच्याकडे माणसं किती असतात?" असे प्रश्न यायला लागले आणि मला उत्तरं येईनात. माझी झोप तेव्हापासून जी बिघडली ती बिघडलीच. एखादी गोष्ट जगात कुठंतरी कुणाला तरी कळलेली आहे आणि ती माझ्या टेबलापर्यंत अजून आलेली नाही, हा विचार एकदा डोक्यात शिरला की माणूस स्वस्थ बसत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात नवी गोळी आली. क्लोरप्रोमाझिन हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला 'नवी गोळी'च म्हणायचे. दिघ्यांनी तिच्याविषयी हाताला लागेल ते माझ्याकडून मागवलं, वाचलं आणि मोजक्याच रोग्यांना द्यायला सुरुवात केली. त्यांत मथुरा होती.

मथुरा मालवणकडची. नवरा गेल्यावर भावानं तिला मुंबईला आणलं. भाऊ शिवराम परळच्या गिरणीत होता. चाळीतल्या खोलीत ती हळूहळू बोलेनाशी झाली, मग भिंतीतून कुणी हाका मारतंय म्हणून रात्रंदिवस दाराला पाठ लावून बसू लागली. शेवटी शिवरामनं तिला इथं आणून सोडलं. मी कामाला लागले तेव्हा ती वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर असायची, तोंड भिंतीकडे. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हातात पितळेच्या दोन बांगड्या होत्या, मनगटात इतक्या रुतलेल्या की इस्पितळात भरती करताना सिस्टरांनी काढायला घेतल्या तर निघाल्याच नाहीत.

गोळी सुरू झाल्यावर काही आठवडे काहीच झालं नाही. मग एक दिवस ब्रिजित धावत लायब्ररीत आली. ब्रिजितला मी धावताना कधी पाहिलं नव्हतं. "मथुरेनं मीठ मागितलं!" ती म्हणाली. "पेजेत मीठ कमी आहे म्हणाली. अगं, बोलली ती!" आणि माझ्या खुर्चीत बसून पदरानं डोळे पुसायला लागली.

गणपती झाले, दसरा आला. मथुरा मळ्यात काम करू लागली. माझ्या खिडकीतून दिसायची, वाफ्यात उकिडवी बसलेली, माठाची जुडी बांधणारी. मध्येच उठायची, दोन-चार पावलं चालायची, परत बसायची. पाऊस थांबला होता. खाचरांत भात पिवळं पडत होतं. ऊन कडक होतं, पण अशा उन्हाचं कुणाला काय? जन्मभर शेतात राबलेली बाई ती.

मग भेटीचा दिवस उजाडला. शिवराम आला, हातात केळी घेऊन. मथुरेला बाहेर आणलं आणि तो जागीच थांबला. तिचं नाक, गाल, मान लालभडक सुजलेलं, हातांच्या पाठीवर फोड. आदल्या दोन दिवसांत ते वाढत गेलं होतं, ब्रिजित मलम लावत होती आणि दिघ्यांना दाखवून झालं होतं, तेही कोड्यात पडले होते. पण शिवरामला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"कोणी भाजल्यान हिका?" तो ओरडला. "गरम पाणी ओतल्यात माझ्या बहिणीवर! बोलाक लागली म्हणान आनंदान इलंय, आणि ह्या बघूचा?"

बायका जमल्या. आया जमल्या. दिघे आले. त्यांनी मथुरेसमोर वाकून विचारलं, "कुणी पाणी टाकलं का तुझ्यावर?" एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात, ती बाई काय बोलणार? तिनं मान खाली घातली. सगळ्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. न्हाणीघराची जबाबदारी ब्रिजितची होती. विश्वस्तांपर्यंत तक्रार गेली आणि त्यांची बैठक होईपर्यंत ब्रिजितनं घरी राहावं असं ठरलं. शिवराम जाताना सांगून गेला, बैठक झाली की बहिणीला गावी नेणार. "गावाक देव आसा. तुमची गोळी नको नि तुमचा इस्पितळ नको."

त्या आठवड्यातल्या मला आठवतात त्या फक्त येरझाऱ्या. मी मासिकांचे गठ्ठे खालीवर करत होते, काय शोधायचं तेच कळत नव्हतं. रविवारी राहवेना, म्हणून गोराईला गेले. बोरीवलीहून खाडीपर्यंत टांगा, मग होडी. ब्रिजित अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला बघून तिनं हात पुसले नाहीत, बस म्हणाली नाही.

"विचारायला आलीस?" ती म्हणाली. "ओतलं का मी पाणी?"

"नाही. तू काय बघितलंस ते ऐकायला आले."

तिनं हातातले बोंबील दोरीवर टाकले. मग म्हणाली, "इतक्या जणांत तूच पहिली विचारतेस. ऐक तर. मलम लावताना मी तिची बांगडी जरा वर सारली. कशीबशी हलली. खाली कातडी साफ, इवलासा डागपण नाही. पाणी असतं तर बांगडीखाली नसतं गेलं? आणि चोळीच्या बाहीखाली काही नाही, पायाला काही नाही. जिथं झाकलं तिथं नाही."

"मग ऊनच की."

"ऊन! अगं, भात लावून मोठी झालेली बाई ती. आमच्या कोळणींना ऊन लागतं का कधी असं? डॉक्टरना बोलले मी. ते म्हणाले, मग ते नक्की काय ते तू सांग. मी काय सांगू?"

परतताना होडीत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. ऊन तेच, बाई तीच. बदललं होतं फक्त एक.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शहरातल्या एका मोठ्या वैद्यकीय कॉलेजच्या लायब्ररीत गेले. तिथले ग्रंथपाल करंदीकर, वयस्क, अतिशय सावकाश. चष्मा पुसायला त्यांना जितका वेळ लागला तेवढ्यात मी सगळी हकीकत सांगून मोकळी झाले होते.

"म्हणजे गोळीनं ऊन बाधतं का, असा प्रश्न," ते म्हणाले.

"हो."

"असा विषय सूचीत नसतो, बाई. औषधाच्या नावाखाली बघा. मग कातडीच्या रोगांखाली बघा. दोन्हीकडे सापडेल ते आपलं."

आम्ही दोघं समोरासमोर बसलो. ते औषधाकडून आले, मी कातडीकडून. दुपार टळून गेली. पंख्याखाली पानं फडफडत होती आणि माझं बोट ओळीवरून घसरत होतं. शेवटी त्यांनीच एक अंक माझ्याकडे सरकवला. बारीक टाइपातला छोटासा मजकूर. तिकडच्या एका डॉक्टरनं लिहिलं होतं, की ही गोळी घेणारे काही रोगी साध्या उन्हात भाजतात, उघड्या अंगावर, झाकलेल्या जागी नाही. तरी त्यांना सावलीत ठेवावं.

मी तो वाचला आणि उभी राहिले. अंक बाहेर नेता येत नव्हता, म्हणून शब्दन् शब्द उतरवून घेतला. करंदीकर म्हणाले, "अंकाचा महिना लिहा, पान लिहा. नाहीतर डॉक्टर लोक मानत नाहीत." मी तेही लिहिलं. मग चष्मा खाली घेऊन ते सहज म्हणाले, "आमची मासिकं विमानानं येतात. तुमच्याकडेही हा अंक येईलच. आत्ता बोटीत असेल."

ते सहजच म्हणाले होते. पण अजूनही तो शब्द, बोटीत, मला कधीकधी दचकवून जागं करतो.

दिघ्यांनी कागद उभ्या उभ्याच वाचला. तो हातात घेऊनच ते वॉर्डात गेले, मी मागोमाग. मथुरेचा हात त्यांनी हातात घेतला आणि पितळी बांगडी हळूच सारली. खाली नितळ सावळी कातडी, तिच्या दोन्ही बाजूंना फोड. मग ते पुरुषांच्या वॉर्डात गेले. नव्या गोळीवरचे दोघे शेतावर जायचे. त्यांची नाकं नि कान लाल झाले होते, पण त्यांना भेटायला कुणीच येत नव्हतं, म्हणून ओरडा झाला नव्हता. त्याच गोळीवरचे, पण व्हरांड्यात विणकाम करणारे मात्र स्वच्छ. दिघे भिंतीला टेकून उभे राहिले. "ब्रिजितला बोलावणं पाठवा," ते म्हणाले. "नको. मीच जातो."

विश्वस्तांची बैठक थोडक्यात आटोपली, ब्रिजित कामावर परत आली. खरं अवघड होतं ते शिवरामला सांगणं. तो आला, दिघ्यांच्या खोलीत बसला. मीही होते, ब्रिजित होती, आणि दिघ्यांनी मथुरेलाही बोलावून घेतलं होतं. दिघ्यांनी सगळं समजावून सांगितलं, कागद मराठीत वाचून दाखवला. शिवराम शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे ह्या ठाऊक होता."

"परदेशात कळलं होतं. आम्हाला नव्हतं."

"कागदात छापलेला, तर तुमका कसा नाय कळला?"

दिघे म्हणाले, "ही मासिकं आमच्याकडे बोटीनं येतात. उशीर होतो."

"मग बोट येईसर," शिवराम अगदी हळू म्हणाला, "माझी भैन उन्हात?"

दिघ्यांनी कागदाची घडी घातली. ब्रिजितनं माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. पुढं आयुष्यभर मी जी धावपळ केली, विमानाच्या टपालासाठी विश्वस्तांच्या मागे लागले, करंदीकरांकडे दर सोमवारी जाऊन बसायला लागले, नवा अंक आला की कार्ड करायच्या आधी वॉर्डात पळत जायचे, ती सगळी त्या एका वाक्यापासून सुटण्यासाठी होती. सुटका झाली नाही. नोकरीतून निवृत्त झाले तेव्हाही कुठली ना कुठली बोट समुद्रात होतीच.

शिवराम उठला. "चल, मथुरे. गावाक जाऊया."

तेव्हा ती बोलली. चेहऱ्याची सूज उतरली होती, साल निघत होतं. "माका नाय जावचा."

"काय?"

"गोळी सोडलंय तर भिंत परत बोलतली. मी हयच रवतंय." आणि दिघ्यांकडे न बघता, ब्रिजितकडे बघून म्हणाली, "मळ्यात जातलंय. तोंड झाकून घेतंय."

मला वाटतं, ती भांडली याचाच शिवरामला आनंद झाला असावा, कारण त्याचे डोळे भरून आले आणि तो रागानंच म्हणाला, "ऱ्हव तर."

ब्रिजितनं जुन्या चादरी फाडून मळ्यात जाणाऱ्या बायकांसाठी लांब बाह्या शिवल्या. डोक्यावर घ्यायला मोठाले रुमाल केले. कामाची वेळ सकाळची केली. दिघ्यांशी मात्र ती बरेच दिवस कामापुरतंच बोलायची. एकदा मी विषय काढला तर म्हणाली, "माफी मागितली त्यांनी. माझ्या घरी येऊन, आईसमोर. पण अगं, आधी विचारायला काय झालं होतं?"

ऊन उतरायला लागलं होतं. शेतांतली कापणी उरकली, सगळीकडे पेंढ्याचा गोड वास सुटला. एका दुपारी मथुरा माझ्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली, पण बसेना. कपाटांवरून हात फिरवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली.

"ह्यात माझा लिवलाहा?" तिनं विचारलं.

"तुझं?"

"त्या कागदात माझा होता ना. उन्हाचा."

"ते दुसऱ्या कुणाचं होतं गं. तुझ्यासारखंच झालेल्या कुणाचं."

"मग माझा कोण लिवतला?"

मी पेन हातात घेतलं. काय लिहू, असं मी विचारलंसुद्धा नाही. ती चालता चालता सांगत होती. गोळीनं भिंत गप्प झाली, ते चांगलं झालं. पण तोंड सुकतं, भाकरी घशाखाली जात नाही, आणि आया म्हणतात नखरे करते. सकाळी उठताना डोळ्यांपुढे काळोख येतो, म्हणून खाटेला धरून बसावं लागतं, आणि आया म्हणतात आळशी आहे. आणि गोळी सुरू झाल्यापासून एका जागी बसवत नाही. "पाय म्हणतत चल, चल. खय जावचा ता सांगनत नाय. माका बसूक होया, पाय बसूक देयनत नाय. सिस्टर म्हणता, मन शांत ठेव. मन शांतच आसा. पाय नाय."

मला एकदम मळ्यातली ती दिसली, वाफ्यातून उठणारी, दोन पावलं जाऊन परत बसणारी. दसऱ्याच्या दिवसांत मी रोज ते खिडकीतून बघितलं होतं आणि बरी झाली म्हणून खूश होत होते.

त्या शुक्रवारी मी विलायती मासिक उघडलंच नाही. दिघे मागच्या बाकावर येऊन बसले होते. मथुरा यायला तयार होती, पण आत नको म्हणाली; व्हरांड्यात फेऱ्या घालत होती, तिची पावलं आम्हाला ऐकू येत होती. मी तिनं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत वाचायला लागले. तोंड सुकण्याचं वाचलं. काळोख येण्याचं वाचलं. पायांपाशी आले तेव्हा ती वयस्क आया हळूच म्हणाली, "अगो बाई, आणि मी तिका सारखी खाली बसवत होते." दिघ्यांनी खिशातून कागद काढून लिहायला सुरुवात केली होती. बाहेरची पावलं दारापाशी क्षणभर थांबली आणि परत चालू लागली.

ब्रिजित पुढं झुकली. "इंदू, हे कुठल्या मासिकात आलंय?"

"अजून कुठंच नाही," मी म्हणाले, आणि पुढचं वाचायला लागले.